बेळगावचा ऑर्केस्ट्रा घेऊन बाहेरदेशी वाजवायला जायचं असेल तर आधी हे वाचा

गणपती झाले की दर वर्षी कोणतरी पोरगं विचारतंय, काका, दुबईत हॉटेलला वाजवायची ऑफर आलीय, जाऊ काय? गोव्यात शॅकवर वाजवताना कुणाची तरी ओळख झालेली असते, व्हॉट्सॅपवर दोन ओळींचा मेसेज आलेला असतो, आणि तेवढ्यावर ह्यांनी शहापुरात कोट शिवायला टाकलेला असतो. जाऊ नका म्हणत नाही मी, जावाच. पण साठच्या दशकात इंग्लंडची बारकी बारकी बँडं अशीच कुणाच्या तरी शब्दावर जर्मनी-इटलीला गेली होती, त्यांचं काय झालं ते बघून जावा, म्हणून एकदाच लिहून टाकालोय.

बीटल्स सगळ्यांना माहीत, पण 1960 च्या ऑगस्टमध्ये ते जर्मनीतल्या हॅम्बुर्गला गेले तेव्हा त्यांना लिव्हरपूलबाहेर कुत्रं विचारत नव्हतं. त्यांच्या आधी लिव्हरपूलचीच डेरी अँड द सीनियर्स म्हणून बँड तिथं पोचलेली, ती आज किती जणांना ठाऊक आहे? त्यातला सॅक्सोफोनवाला होवी केसी पुढं पॉल मॅकार्टनीच्या विंग्ससोबत वाजवत होता, म्हणजे वाट बघितली तर कामं मिळतात. असो. ह्या सगळ्यांना हॅम्बुर्गला धाडणारा माणूस म्हणजे अ‍ॅलन विल्यम्स, लिव्हरपूलमध्ये कॉफी बार चालवायचा, आणि तिकडचा मालक ब्रूनो कोशमीडर. मधला एजंट आणि पलीकडचा मालक, तुमच्या मेसेजमधे पण हे दोघंच आहेत की.

पहिली गोष्ट कागद. बीटल्सची पोरं पहिल्या खेपेला धड परवाने नसताना गेली. जॉर्ज हॅरिसन तर 17 वर्षांचा, आणि तिथं 18 खालच्या पोरांना रात्री 10 नंतर क्लबात थांबायचीच मनाई, तरी तो रात्र रात्र वाजवत होता आणि कोण काय बोललं नाही, जोपर्यंत मालकाशी बरं होतं तोपर्यंत. पोरांनी जवळच्या टॉप टेन क्लबात जायचं ठरवलं आणि मग वय निघालं, नोव्हेंबरात जॉर्जला परत पाठवलं, पाठोपाठ पॉल आणि पीट बेस्ट यांच्यावर राहत्या जागी आग लावल्याचा आळ आला आणि त्यांनाही हाकललं. पुढच्या एप्रिलमध्ये जॉर्ज 18 चा झाल्यावर, कागद नीट करून परत गेले तेव्हा महिनोनमहिने वाजवलं. कागद कच्चे असले की मालक तुम्हाला कधीही बाहेर काढू शकतोय, आणि तुमच्या कच्च्या कागदावर त्याचंच काम स्वस्तात होत असतंय, म्हणून तो तुम्हाला आधी कधी सांगणार नाही.

म्हणून गल्फला जाताना व्हिजिट व्हिसावर वाजवायला जाऊ नका, एजंट किती पण म्हणू दे की पोचल्यावर बदलून देतो. भारतातनं माणसं परदेशी कामाला पाठवणाऱ्या एजंटला 1983 च्या कायद्याखाली सरकारी नोंदणी लागते, त्याचा नंबर मागा आणि सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर स्वतः बघा, त्याने पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका. नोंदणी असलेल्या एजंटला सर्व्हिस चार्ज 30,000 रुपये अधिक जीएसटी, त्याच्या वर घेता येत नाही. अडीच लाख मागणारे पण आपल्या गल्लीत येऊन गेलेत. आणि दहावी न झालेला ढोलकीवाला ग्रुपमध्ये असेल, असतोच, तर त्याच्या पासपोर्टवर ईसीआर (कामाला बाहेरदेशी जायच्या आधी सरकारी तपासणी लागते असा शेरा) असणार आणि गल्फच्या देशांसाठी त्याला वेगळी मंजुरी काढावी लागणार, हे विमानतळावर कळण्यापेक्षा दोन महिने आधी कळलेलं बरं.

कॉन्ट्रॅक्टमधे काय बघायचं. कोशमीडरच्या कॉन्ट्रॅक्टमधे त्याच्या परवानगीशिवाय आजूबाजूला दुसरीकडं वाजवायचं नाही असं कलम होतं, पोरांनी सही करताना ते कुठं वाचलं असणार. रोज 30 मार्क माणशी, त्यावेळच्या भावानं अडीच पौंडाच्या आसपास, लिव्हरपूलच्या पोराला बरा पगार होता हा, पण त्यात साध्या दिवशी साडेचार तास आणि शनिवारी सहा तास वाजवायचं आणि झोपायला बाम्बी किनो नावाच्या सिनेमा थेटरात पडद्यामागची खोली, शेजारी संडास, गरम पाणी नाही. त्यामुळं आकडा ऐकून हुरळू नका. किती तास, किती ब्रेक, आठवड्याला सुट्टी आहे काय, खोली कुणाची, एका खोलीत किती जण, जेवण कुठं, आजारी पडला तर पगार कापणार काय, आणि मधेच बंद पडलं तर परतीचं तिकीट कोण देणार, हे सगळं लेखी घ्या. पडद्यामागच्या खोलीत झोपणं पुढं पुस्तकात बरं दिसतंय, फेमस झाल्यावर. न झालेल्यांचं काय?

तास हा लई मोठा मुद्दा आहे आणि पोरं त्याच्याकडं बघतच नाहीत. इथं लग्नाला किंवा मंडळाला वाजवताना मधे सत्कार असतोय, आमदारांचं भाषण असतंय, लकी ड्रॉ असतोय, त्यात तुमचा घसा बसत नाही. हॉटेलला तसं नसतंय. हॅम्बुर्गला ह्या बँडांकडं तासाभराचीच गाणी होती, मग एकच गाणं लांबवत बसायचे, जागं राहायला प्रेल्युडिन नावाच्या गोळ्या खायचे (त्या नादाला लागू नका, गल्फमधे तर साधी खोकल्याची गोळी पण चिठ्ठी असल्याशिवाय नेऊ नका). पण तेवढं वाजवून वाजवून हात असा बसला की परत आल्यावर लिव्हरपूलच्या लोकांना खरं वाटेना की हीच ती पोरं. खरा फायदा हाच बघा, पैसा नंतर. जायच्या आधी निदान चार रात्रींची वेगवेगळी गाणी बसवा, टिळकवाडीत कुणाच्या तरी गॅरेजमधे घड्याळ लावून साडेचार तास सलग वाजवून बघा. ज्याचा हात दुसऱ्या तासाला दुखायला लागतोय तो कोण ते इथंच कळू दे.

आता भाषा. इथं बेळगावची पोरं सगळ्यांच्या पुढं आहेत आणि त्यांना स्वतःलाच माहीत नाही. परदेशात टिकलेली इंग्रज बँडं बघा, द रोक्स ही इंग्लंडची बँड 1963 च्या सुमारास इटलीत गेली, इटालियनमधे गायला लागली आणि तिकडं मोठी झाली, इंग्लंडात त्यांना फार कोण ओळखत नव्हतं. कॉव्हेंट्रीचे द सॉरोज, मायदेशात 1965 ला एक गाणं चाललं, मग इटलीत जाऊन तिथल्या भाषेत गायले. बर्मिंगहॅमचे द रेनेगेड्स तर फिनलंडमधे गाजले, अमेरिकन घोडदळासारखे युनिफॉर्म घालून, हे मात्र तुम्ही करू नका, दुबईच्या उन्हात नको. ज्यांनी ऐकणाऱ्याची भाषा धरली ते तिकडं राहिले. आणि आपल्याकडं पोरगं घरात मराठी बोलतंय, दुकानात कन्नड, गोव्याच्या कामाला कोकणी, स्टेजवर हिंदी. गल्फमधल्या हॉटेलात समोर मंगळूरचे, उडुपीचे, मुंबईचे, केरळचे लोक बसलेले असतात. कन्नड सिनेमातल्या राजकुमारांची गाणी दहा-बारा पक्की करा, कोकणी मांडो दोन-तीन, मल्याळम दोन पाठ करा, उच्चार मात्र त्या भाषेच्या माणसाकडनं तपासून घ्या, नुसतं यूट्यूब बघून नको. इथं कुठल्या मंडळासमोर कुठल्या भाषेतलं गाणं लावायचं आणि 1 नोव्हेंबरला (कर्नाटक राज्योत्सव, आणि इथल्या मराठी लोकांचा काळा दिवस) कुणाची ऑर्डर घ्यायची ह्यावर मी तोंड उघडत नाही, पण तिकडं त्याच चार भाषांचे पैसे होतात.

सामानाचं थोडक्यात सांगतो. दुबई, मस्कत, दोहा सगळीकडं व्होल्टेज आपल्यासारखंच, पण सॉकेट इंग्लंडचं, चौकोनी तीन पिनांचं, तेव्हा अडॅप्टर इथनंच घ्या. महागडा कीबोर्ड नेताना जायच्या वेळी विमानतळावर कस्टमकडं दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर परत येताना तुमच्याच कीबोर्डवर ड्युटी मागतील. सिरीयल नंबरचा फोटो आणि बिल जवळ ठेवा. तबला-ढोलकीची एक जादा पुडी (वरचं चामडं) न्या, एसी आणि बाहेरची उष्णता यात शाई (पुडीवरचा काळा गोल) कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि तिथं पुडी बसवून देणारा सहज मिळत नाही.

पैसे आणायचं. 1966 ते 1970 ला इंग्रज माणसाला परदेशी प्रवासाला 50 पौंडांपेक्षा जास्त परकीय चलन नेता येत नव्हतं, म्हणजे तिकडं मालकानं पगार बुडवला तर खिशातनं दिवस काढायची सोय पण कमी. तुमच्यावर तसलं बंधन नाही, तेव्हा प्रत्येकाच्या नावावर महिनाभर जगण्याएवढे आणि परतीच्या तिकिटाएवढे वेगळे ठेवूनच निघा. पगार प्रत्येकाच्या खात्यावर वेगवेगळा यायला पाहिजे, लीडरच्या खात्यावर सगळ्यांचा नाही, लीडर तुमचा सख्खा मावसभाऊ असला तरी. एजंटचं कमिशन कुणाच्या वाट्यातनं आणि किती महिने जाणार ते इथंच, सगळ्यांच्या समोर, निघायच्या आधी कागदावर लिहून ठेवा.

पासपोर्ट मालकाला ठेवायला देऊ नका, मागितला तर झेरॉक्स द्या. आणि कॉन्ट्रॅक्टची एक कॉपी घरात ठेवा, बापाला वाचता येत नसेल तर बहिणीकडं द्या, तुमचा फोन लागला नाही तर दूतावासाला फोन करताना तिच्या हातात मालकाचं नाव आणि हॉटेलचा पत्ता असायला पाहिजे.