मागे कॅमेरा असला तरी पुढचा कोपरा सांभाळा

रस्त्याच्या कडेला उभ्या दोन गाड्यांच्या मधल्या जागेत गाडी लावताना (पॅरलल पार्किंग) आधी पुढच्या गाडीला समांतर, दोन-अडीच फुटांवर थांबा. दोन्ही गाड्यांचे मागचे बंपर एका रेषेत आले की रिव्हर्स टाकून स्टेअरिंग कडेच्या बाजूला पूर्ण फिरवा. गाडी साधारण ४५ अंशांत आली की ते सरळ करा, आणि आपला पुढचा कोपरा त्या गाडीच्या बंपरपासून सुटला की उलट फिरवा. नेमका हाच कोपरा कॅमेऱ्यात दिसत नाही, आणि घासतो तोच! म्हणून त्या क्षणी स्क्रीनवरची नजर काढून तिकडे बघा.

आणखी एक, स्क्रीनवरच्या रेषा जमिनीच्या पातळीच्या हिशेबाने आखलेल्या असतात. मागे ट्रक असेल तर त्याचा बाहेर आलेला फाळका दिसतो त्याहून बराच जवळ असतो. तिथे लाल रेषेची वाट बघू नका, आधीच थांबा. पावसाळ्यात लेन्स मऊ कापडाने पुसत जा.