ओ-१बी व्हिसाची फाईल : सांगली-मिरजेच्या कलावंतांनी नकार टाळायचा तर

ओ-१बी म्हणजे नावाजलेल्या कलावंतांना अमेरिकेत कार्यक्रम करण्यासाठी मिळणारा व्हिसा. त्याची फाईल तपासणारा तिथला अधिकारी तुमचं गाणं ऐकत नाही. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या संगीतसभेत हजेरी लावायला मिळणं म्हणजे काय, हे त्याला माहीत नसतं आणि ते शोधून काढणं त्याचं कामही नाही. टेबलावर जेवढा कागद आहे तेवढाच त्याच्या दृष्टीने तुमचा लौकिक. आपल्या भागातल्या गायक-वादकांच्या आणि रंगकर्मींच्या फायली अडकतात त्या इथेच. कर्तृत्व असतं, पण परक्या माणसाला पटेल असं ते कागदावर उतरलेलं नसतं.

आधी व्हिसा कोणता, हे पक्कं करा. ओ-१बी हा कलाक्षेत्रासाठी आहे: गायन, वादन, नृत्य, नाटक, चित्रकला. सिनेमा आणि टीव्हीलाही ओ-१बीच, पण तिथला निकष वेगळा आणि जास्त कडक. कुंडलचं मैदान गाजवलेला पैलवान कायद्याच्या लेखी खेळाडू ठरतो. त्याने ओ-१ए किंवा पी-१कडे पाहावं. सातारा जिल्ह्यातला तमाशाचा फड किंवा शाहिरी पथक न्यायचं असेल तर बहुतेक वेळा पी-३ सोपा पडतो. त्यात प्रत्येकाची वैयक्तिक ख्याती सिद्ध करावी लागत नाही. कला त्या संस्कृतीची खास आहे आणि होणारे सगळे कार्यक्रम त्याच स्वरूपाचे आहेत, हे जाणकारांच्या पत्रांनी दाखवावं लागतं. पी-३ एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षाचा, ओ-१ तीन वर्षांपर्यंतचा. तीन वर्षांच्या मोहापायी कमकुवत ओ-१ भरण्यापेक्षा भक्कम पी-३ शंभर पटीने बरा.

आणि टुरिस्ट व्हिसावर जाऊन मानधनाचे कार्यक्रम करू नका, बोलावणारे कितीही जवळचे असले तरी. व्हिसाच्या डीएस-१६० या ऑनलाइन अर्जात मागच्या पाच वर्षांतल्या सोशल मीडिया खात्यांची नावं द्यावी लागतात. तिकीट लावून झालेल्या जुन्या मैफलीचं पोस्टर तिथे सापडलं, तर पुढचा प्रत्येक अर्ज त्या पोस्टरच्या सावलीत तपासला जातो.

अर्ज तुमचा, पण भरणारा दुसरा

ओ-१साठी फॉर्म आय-१२९ कलावंत स्वतःच्या नावाने भरू शकत नाही. अमेरिकेतला आयोजक किंवा एजंट पिटिशनर म्हणून, म्हणजे तुमच्यासाठी अर्ज करणारा म्हणून, उभा राहावा लागतो. एकाच संस्थेचे कार्यक्रम असतील तर प्रश्न नाही. पाच शहरांतली पाच मंडळं बोलावत असतील तर एक एजंट पिटिशनर होतो, आणि मग प्रत्येक मंडळाशी झालेला करार व सगळ्या दौऱ्याचं वेळापत्रक फाईलमध्ये लागतं.

वेळापत्रकात कार्यक्रमाचं नाव, तारीख, सभागृहाचा पत्ता, तुमची भूमिका आणि मानधन एवढं हवंच. “ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सी परिसरात दोन-तीन मैफली” असं लिहिलं की काम अजून ठरलेलंच नाही, असा अर्थ निघतो. आपल्याकडे बरंच फोनवर ठरतं. तोंडी करार चालतो, पण काय ठरलं याचा लेखी गोषवारा द्यावा लागतो आणि सोबत ईमेलचे प्रिंट जोडलेले बरे. मधल्या काळात कार्यशाळा किंवा शिकवण्या घेणार असाल तर त्याही इथेच दाखवा. फाईलमध्ये नसलेलं काम तिथे जाऊन करता येत नाही, आणि कार्यक्रमांमध्ये चार-पाच महिन्यांची मोकळी जागा दिसली तर अधिकारी मुदत तेवढ्यापुरती छाटू शकतो.

अर्ज कार्यक्रमाच्या एक वर्षापेक्षा आधी भरता येत नाही. तयारीला मात्र सहा महिने धरा, कारण शिफारसपत्रं आणि जुनी कात्रणं गोळा करण्यातच निम्मा वेळ जातो. शिवाय अमेरिकेतल्या त्या क्षेत्रातल्या संघटनेचं सल्लापत्र लागतं: वादक-गायकांसाठी अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स, रंगभूमीच्या नटांसाठी अॅक्टर्स इक्विटी. पत्र प्रतिकूल आलं म्हणून अर्ज आपोआप पडत नाही, पण त्यातल्या हरकतीला फाईलमध्ये उत्तर द्यावं लागतं.

सहा निकष, त्यातले तीन

ग्रॅमीसारखा मोठा पुरस्कार किंवा त्याचं नामांकन नसेल, तर सहापैकी किमान तीन निकष पुरे करावे लागतात. नामांकित कार्यक्रमांत प्रमुख कलावंत म्हणून सहभाग; मोठ्या वृत्तपत्रांत-नियतकालिकांत दखल; नामांकित संस्थांसाठी प्रमुख किंवा कळीची भूमिका; व्यावसायिक किंवा समीक्षकांनी वाखाणलेलं यश; संस्था, समीक्षक, सरकारी यंत्रणा किंवा जाणकारांकडून मिळालेली मान्यता; आणि इतरांच्या तुलनेत जास्त मानधन. तीन रकाने भरले की संपलं असंही नाही. त्यानंतर सगळी फाईल एकत्र पाहून हा कलावंत सर्वसाधारण पातळीच्या बराच वर, क्षेत्रात आघाडीचा किंवा सुपरिचित आहे का, हे ठरवलं जातं.

पहिल्या आणि तिसऱ्या निकषात एक बारीक अट आहे आणि तिच्यावरच सर्वांत जास्त फायली आपटतात. प्रमुख भूमिका पूर्वी केलेली हवी आणि पुढेही करायची असायला हवी. मागचे पुरावे ढीगभर असतात. पुढचा अमेरिकेतला कार्यक्रम नामांकित आहे हे मात्र कुणी सिद्धच करत नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं, मराठी माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. अधिकाऱ्याला द्यावी लागते: मागच्या अधिवेशनांच्या बातम्या, तिथे आधी येऊन गेलेले मोठे कलावंत, सभागृहाची क्षमता, छापील कार्यक्रमपत्रिका. पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात गायला असाल तर महोत्सवाची कीर्ती सांगणारे कागद वेगळे आणि त्यातलं तुमचं स्थान सांगणारे वेगळे. तानपुऱ्यावर साथ केली असेल तर “महोत्सवात सहभाग” असं मोघम लिहू नका. पत्रिकेत तुमचं नाव कुठे आहे हे तो पाहतोच, आणि एक फुगवलेली ओळ सापडली की बाकीच्या खऱ्या ओळींवरही त्याचा विश्वास राहत नाही.

मानधनाचा निकष बहुतेकांनी सोडून द्यावा. आपल्याकडे बिदागी पाकिटात मिळते. करार, टीडीएसचा फॉर्म १६ए आणि बँकेतल्या नोंदी नसतील, आणि इतरांना किती मिळतं याचा विश्वासार्ह आकडा हाती नसेल, तर हा रकाना फाईल कमजोर करतो.

कात्रणं

मुख्य घोटाळा इथे असतो. घराघरात कात्रणांची वही असते, प्रेमाने जपलेली, आणि कात्रण कापताना वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख कात्रीखाली गेलेली असते. त्या कात्रणाला पुरावा म्हणून जवळपास किंमत नाही. वृत्तपत्राच्या कार्यालयातून किंवा जुने अंक जपणाऱ्या ग्रंथालयातून पूर्ण पानाची प्रत मिळवा: वर नाव, तारीख, पान क्रमांक, बातमीवर खुणेची चौकट, लेखकाचं नाव असेल तर तेही. खाली दोन ओळींत त्या दैनिकाचा खप आणि प्रसारक्षेत्र द्या. खप तपासणाऱ्या ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्सचा आकडा उपलब्ध असेल तर उत्तम. बातमी मुख्य अंकातली की सांगली जिल्ह्याच्या पुरवणीतली, ते खरं ते लिहा.

मजकूर तुमच्याबद्दल हवा. समजा, मिरजेतल्या उरुसाची दीड स्तंभांची बातमी आहे आणि शेवटच्या ओळीत “यांनीही आपली कला सादर केली” या यादीत तुमचं नाव आहे. ती बातमी कार्यक्रम झाल्याचा पुरावा म्हणून ठेवा, दखल म्हणून दाखवू नका. पैसे देऊन छापून आणलेले जाहिरातवजा लेख तर अजिबात घालू नका. एकसारख्या भाषेतले लेख एकाच आठवड्यात तीन ठिकाणी आले की ते ओळखू येतात.

मराठीतल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर लागतं, पूर्ण. सारांश चालत नाही. भाषांतरकाराने खाली लिहून द्यायचं की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर करण्यास मी सक्षम आहे. मग नाव, सही, तारीख, पत्ता. त्यासाठी कोर्टाच्या आवारात जाऊन स्टॅम्पपेपर आणि नोटरी करायची गरज नाही, त्यावर होणारा खर्च वाचवा. भाषांतर स्वतः किंवा घरच्या माणसाकडून मात्र करून घेऊ नका.

नावाचं प्रकरण इथेच मिटवा. पासपोर्टवर एक नाव, पत्रिकेवर “बुवा”, जुन्या कात्रणात माहेरचं आडनाव, इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हेचं. फाईलच्या सुरुवातीला एका पानाचा तक्ता द्या: कोणत्या पुराव्यात कोणतं नाव आहे आणि ती एकच व्यक्ती कशी. सोबत विवाह नोंदणीचा दाखला, गॅझेट किंवा प्रतिज्ञापत्र, जे लागू असेल ते.

सत्कार आणि मान्यता

शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह म्हणजे सत्कार. त्याला पुरस्कार म्हणून सादर करू नका. पुरस्कार असेल तर कोण देतं, कधीपासून, निवड समितीत कोण, आधी कुणाला मिळाला, एवढं जोडलं तरच त्याचं वजन कळतं. सांगलीत रंगभूमिदिनी दिलं जाणारं विष्णुदास भावे गौरवपदक मराठी नटाला आयुष्यभराची पावती वाटतं, पण पूर्वीच्या मानकऱ्यांची यादी जोडल्याशिवाय परक्या वाचकाला ते एक पदक आहे इतकंच समजतं.

बरेच कलावंत हातातला चांगला कागद विसरतात. आकाशवाणीची श्रेणी ही सरकारी यंत्रणेने परीक्षा घेऊन दिलेली मान्यता आहे. श्रेणीचं मूळ पत्र आणि श्रेण्यांची उतरंड समजावणारं पान जोडा. आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) यादीत नाव असेल तर त्याचं पत्रही. संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार तर पहिल्या पानांतच यायला हवा.

शिफारसपत्रं सहा-सात पुरेत. गुरूंचं एक असू द्या. बाकीची अशा माणसांची हवीत ज्यांना तुमच्या कौतुकात स्वार्थ नाही. “अत्यंत गुणी, मेहनती आणि नम्र कलाकार, माझे आशीर्वाद आहेत” हे वाक्य मनापासूनचं असलं तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी पत्र लिहिणाऱ्याने असं सांगावं: मी अमुक महोत्सवाच्या निवड समितीवर आहे, समारोपाच्या रात्रीची बैठक आम्ही ज्येष्ठांनाच देतो, या गायिकेला ती दिली कारण किराणा घराण्याची विलंबित आलापी तिच्या पिढीत इतक्या ठहरावाने मांडणारे फार थोडे आहेत, आणि त्या बैठकीवर अमुक समीक्षकाने असं लिहिलं. लेटरहेड, तारीख, सही, संपर्क आणि लिहिणाऱ्याचा एक पानी परिचय सोबत. सातही पत्रांत एकच परिच्छेद फिरलेला दिसला तर ती एका हाताने लिहिल्याचं उघड होतं, म्हणून प्रत्येकाला वेगळा मुद्दा द्या.

फाईलसोबतच्या सादरपत्रात (कव्हर लेटरमध्ये) गावाचा इतिहास आवरा. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी “सीतास्वयंवर” केलं, २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हा आपल्या सगळ्यांचा अभिमान आहे. त्याला तीन ओळी द्या. बाकी पानं निकषवार: दावा, पुराव्याचा क्रमांक, आणि त्या पुराव्याने हा निकष का पुरा होतो याचं एक वाक्य. पेनड्राइव्हवरच्या चित्रफितींवर विसंबू नका. मूळ प्रमाणपत्रं पाठवू नका, प्रती चालतात.

तबलजी आणि पेटीवाल्यांना स्वतंत्र ओ-१ची गरज नसते. ते ओ-२वर येतात. पण हाच साथीदार का, तिथला दुसरा का नाही, हे दाखवावं लागतं: किती वर्षांची साथ, कोणत्या ध्वनिमुद्रणांत, कोणत्या दौऱ्यांत. पती-पत्नी आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं ओ-३वर येतात, त्यांना काम करता येत नाही.

जास्तीचा पुरावा मागितला तर

आरएफई, म्हणजे जास्तीचा पुरावा मागणारी नोटीस, आली म्हणजे नकार आला असं नाही. नोटिशीवरची मुदत पाहा. ती जास्तीत जास्त ८४ दिवसांची असते आणि वाढवून मिळत नाही. उत्तर एकदाच देता येतं. अर्धे कागद आज, अर्धे नंतर असं केलं तर हातात आहे त्यावरच निर्णय होतो. जादा फी भरून १५ कामकाजाच्या दिवसांची प्रीमियम सेवा घेतली असेल, तरी उत्तर पोहोचल्यावर ते दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात, हे धरून तिकिटं काढा.

पिटिशन मंजूर झाली की मुंबईच्या वकिलातीत मुलाखत. डीएस-१६०मधली पिटिशनरची माहिती आणि मंजुरीच्या आय-७९७वरचा पावती क्रमांक अक्षरशः जुळायला हवा. पिटिशनर कोण, पहिला कार्यक्रम कुठे, मानधन किती, हे न अडखळता सांगता आलं पाहिजे. फाईल दुसऱ्याने केली म्हणून कलावंतालाच माहिती नसते, आणि संशय तिथून सुरू होतो. पूर्वी कोणताही अमेरिकन व्हिसा नाकारला गेला असेल तर तसं लिहा. नकार लपवणं ही खोटी माहिती ठरते, आणि खोट्या माहितीवरून प्रवेशबंदी लागली तर ती कायमची असते. “गॅरंटी” देणारे आणि पुरस्कार मिळवून देणारे सल्लागार नेमकी हीच वेळ तुमच्यावर आणतात.

पिटिशनच नाकारली गेली, तर आय-२९०बी या फॉर्मवर अपील किंवा फेरविचार मागायला पिटिशनरला ३० दिवस असतात, निर्णय टपालाने आला असेल तर ३३. अधिकाऱ्याने कागद वाचण्यात चूक केली असेल तर तो मार्ग घ्या. पुरावाच कमी होता असं नोटिशीतून दिसत असेल तर नव्याने आय-१२९ भरणं बहुधा लवकर उरकतं. मात्र आधीच्या नकाराचा उल्लेख करा आणि त्यातल्या प्रत्येक हरकतीसमोर नवा कागद ठेवा.