दीड लाख किलोमीटर चाललेली डिझेल मर्सिडीज घ्यावी का? ठरवण्याची एक पद्धत

जुन्या गाड्यांच्या बाजारात २०१३ची मर्सिडीज ई २५० सीडीआय दिसते, रनिंग दीड लाखाच्या आसपास, आणि मागितलेली किंमत नव्या छोट्या एसयूव्हीएवढी. नवी असताना चाळीस लाखांहून अधिक मोजून कोणीतरी घेतलेली, चाकणच्या कारखान्यात जोडलेली ही गाडी इतक्या कमी पैशांत दारात उभी राहू शकते, या विचाराने मोह होणे स्वाभाविक आहे. मात्र वर्षागणिक घसरली ती गाडीची किंमत. सुट्या भागांची आणि मजुरीची घसरलेली नाही. तिचा हेडलाइट किंवा इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) आजही चाळीस लाखांच्या गाडीच्या दरानेच मिळतो. म्हणून गाडी बघायला जाण्यापूर्वीच किमतीच्या पाव हिस्सा रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी ठेवता येते का, हे पाहावे. ती ठेवली तर गाडी परवडत नाही, असे दिसत असेल, तर ती गाडी परवडत नाही.

डिझेलची बचत हे कारण पुढे केले जाते, त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. वर्षाला १२,००० किलोमीटर, डिझेल गाडीचा अ‍ॅव्हरेज १३ आणि तशाच पेट्रोल गाडीचा ९, डिझेल ९० रुपये आणि पेट्रोल १०४ रुपये लिटर असे धरले, तर इंधनात वर्षाला साधारण ५५,००० रुपये वाचतात. इंजेक्टर किंवा टर्बोचे एकच मोठे काम निघाले, तर ही बचत त्यात विरघळून जाते. ज्याचे रनिंग वर्षाला सहा-सात हजारांच्या पुढे जात नाही आणि तेही शहरातच होते, त्याने डिझेलचा नाद सोडून त्याच गाडीचे पेट्रोल मॉडेल शोधावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता रनिंगविषयी. दीड लाख हा आकडा ऐकून अनेक जण मागे फिरतात आणि साठ हजारांची गाडी बिनधास्त घेतात. माझ्या मते घाबरायचेच असेल तर ते बहुधा उलट करायला हवे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आठवड्यातून तीनदा धावलेल्या डिझेल इंजिनाला पूर्ण तापमान मिळते, त्याची काजळी जळून जाते आणि गिअरबॉक्सवर ताण कमी येतो. याउलट अंधेरी ते लोअर परळ अशा रांगेत रोज तासन्‌तास घुटमळलेल्या गाडीचे मीटर कमी पडते, पण इंजिनाचे तास तेवढेच भरतात, ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) आणि इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्या) यांमध्ये काजळीचा थर साचतो, आणि डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर त्याचे रिजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळून टाकण्याची क्रिया, अर्धवट राहून तो चोंदतो. मीटरखालच्या पडद्यावरील सरासरी वेगाचा आकडा कोणी पुसला नसेल, तर तोही बरेच सांगून जातो.

मीटर मागे केलेले असण्याची शक्यता कायम गृहीत धरावी. चालकाच्या सीटची दाराकडची कड, ब्रेक पेडलचे रबर आणि स्टिअरिंगवरचे चामडे यांची झीज रनिंगशी जुळते का, ते पाहावे; साठ हजारांच्या गाडीत पेडलचे रबर गुळगुळीत झालेले असेल, तर कुठेतरी पाणी मुरते आहे. या वर्गातील गाड्यांत किलोमीटरची नोंद केवळ मीटरमध्ये नसते, इतर कंट्रोल युनिटांतही असते. बीएमडब्ल्यूच्या तर किल्लीतही ती साठवलेली असते. त्या नोंदी वाचू शकणाऱ्या जाणकाराला मीटर फिरवल्याचे अनेकदा कळते. सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे बिलांची फाइल. अधिकृत सर्व्हिस सेंटरची असोत वा बाहेरच्या वर्कशॉपची, तारीख, किलोमीटर आणि बदललेले भाग लिहिलेली सलग बिले असतील, तर दीड लाखाची गाडीही विचारात घ्यावी. ‘सगळे काम आमच्या ओळखीच्या फिटरकडे झाले आहे’ एवढेच उत्तर मिळाले, तर साठ हजारांचीही घेऊ नये.

गाडी नेहमी थंड इंजिनावर बघावी, आणि ही अट आदल्या दिवशीच सांगून ठेवावी. एकदा मी एका विक्रेत्याला सकाळी नऊला येतो, तोवर गाडी सुरू करू नका, असे बजावले होते. रात्रभर पाऊस पडून पहाटे थांबला होता. पोहोचल्यावर बॉनेटवर तळवा ठेवला, तर पत्रा कोमट लागला. वाकून पाहिले, तर गाडीखालची फरशी आजूबाजूच्या फरशीइतकीच ओली होती. गाडी रात्रभर तिथे उभी असती, तर खालची जागा कोरडी राहिली असती. ‘जरा जागा बदलली,’ असे उत्तर मिळाले, आणि मी चहा घेऊन परत निघालो. थंड इंजिन सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत चेनचा खडखडाट येतो का, इंजेक्टरची असमान टकटक ऐकू येते का आणि आयडलिंगला स्टिअरिंग थरथरते का, याकडे लक्ष द्यावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर कूलंट आत शिरत असण्याची किंवा डिझेल नीट न जळण्याची शंका घ्यावी.

पुढची तपासणी मॉडेलनुसार बदलते. ई २५० सीडीआयमधील २,१४३ सीसीचे ओएम ६५१ हे इंजिन एकूणात दणकट आहे, पण सुरुवातीच्या वर्षांत त्याचे पिएझो (स्फटिकाच्या साहाय्याने उघडणारे) इंजेक्टर त्रासदायक ठरले आणि नंतर सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने उघडणारे) इंजेक्टर वापरात आले. तेव्हा यात कोणते आहेत आणि ते बदललेले आहेत का, हे विचारावे. ई ३५० सीडीआयचे व्ही-६ इंजिन चालवायला अतिशय सुखद असले, तरी त्याचा ऑइल कूलर दोन्ही सिलिंडर-रांगांच्या मधल्या खोबणीत, टर्बोच्या खाली बसवलेला असतो. त्याची सील किरकोळ किमतीची, पण तिथवर पोहोचण्यासाठी वरचे बरेचसे इंजिन उघडावे लागते. बीएमडब्ल्यू ५२० डीच्या एन ४७ इंजिनात टायमिंग चेन (इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारी साखळी) गिअरबॉक्सच्या बाजूला आहे आणि विशेषतः २०११ पर्यंतच्या इंजिनांत ती झिजण्याची तक्रार जगभर ऐकू आली. इंजिनाच्या मागच्या भागातून खरवडल्यासारखा आवाज येत असेल, तर किमतीत सूट मिळवण्याचा प्रयत्नही करू नये, कारण चेन तुटली की इंजिनच जाते.

गिअरबॉक्सचे ऑइल ‘लाइफटाइम’ असते, या समजुतीवर विसंबू नये. ५२० डीचा आठ गिअरांचा गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते. दीड लाखाच्या गाडीच्या फाइलमध्ये हे बिल नसेल, तर तो खर्च आपल्या वहीत लिहून घ्यावा. एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर तोललेली, गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चारही कोपऱ्यांची उंची पाहावी. एक कोपरा बसलेला असेल, तर तिथला बेलो, म्हणजे हवेची रबरी पिशवी, गळतो आहे आणि कॉम्प्रेसरही सतत चालून थकलेला असणार.

त्याच ब्रँडचे काम नेहमी करणाऱ्या स्वतंत्र वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर घेऊन स्कॅन करून घ्यावी आणि त्याचे पैसे आपणच द्यावेत. स्कॅनरवर एकही जुना एरर नसणे हे निर्दोषपणाचे लक्षण असतेच असे नाही, कारण आदल्या दिवशी कोड पुसलेले असू शकतात. प्रत्येक इंजेक्टरची करेक्शन व्हॅल्यू (त्याच्या फवाऱ्यात इंजिनाला किती दुरुस्ती करावी लागते, तो आकडा) आणि लीक-ऑफ चाचणीचा (त्यातून किती डिझेल परत जाते, याच्या मोजणीचा) निकाल अधिक बोलका असतो. सीटबेल्ट टोकापर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का, हेही बघावे आणि डिकीतील स्टेपनीची जागा उघडून पाहावी. चेन्नईतील २०१५, सांगली-कोल्हापुरातील २०१९ आणि चिपळूण-महाडमधील २०२१च्या पुरांत बुडालेल्या गाड्यांपैकी काही दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात आल्या असणार, असे समजून चालणे शहाणपणाचे.

दिल्ली पासिंगच्या गाड्या इकडे स्वस्त मिळतात, त्याचे कारण राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशात आणि २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांत आहे. तिकडे दहा वर्षांवरील डिझेल गाड्या रस्त्यावरून हटवण्याचे धोरण आल्यावर त्यांचे भाव पडले. अशी गाडी घेताना मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे नमुना २८, लागते आणि महाराष्ट्रात नव्याने नोंदणी करताना येथील कर भरावा लागतो. तो किमतीत धरल्यावर स्वस्ताई किती उरते, ते मोजावे. गाडी एमएच पासिंगची असली, तरी बँकेचा बोजा, थकलेली चलने आणि मालकांची संख्या एमपरिवाहन या सरकारी अ‍ॅपवर तपासावी. २०१३ची गाडी २०२८मध्ये पंधरा वर्षांची होते, तेव्हा फिटनेस तपासणी, नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर हे तिन्ही आपल्याच वाट्याला येणार आहेत.

विम्याकडे फारसे कोणी पाहत नाही. जुन्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, कमी असते आणि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला, की विमा कंपनी गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करण्यापलीकडची, ठरवते. दोन एअरबॅग, एक हेडलाइट आणि बंपर एवढ्याने ही मर्यादा जवळ येऊ शकते. मालकी बदलल्यावर चौदा दिवसांत पॉलिसी आपल्या नावे करण्यासाठी अर्ज करावा. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाकडेच राहतो, हे हप्ता मोजताना लक्षात ठेवावे.

एवढे करून गाडी पसंत पडली, तर वर्कशॉपने सांगितलेल्या प्रत्येक कामाची रक्कम मागितलेल्या किमतीतून वजा करून भाव सांगावा. इसार देण्याची घाई करू नये. द्यावाच लागला, तर तपासणीत मोठा दोष निघाल्यास रक्कम परत मिळेल, असे पावतीवर लिहून घ्यावे आणि विक्रेता लिहून द्यायला तयार नसेल, तर पैसे खिशातच ठेवावेत.