नव्या फ्लॅटचा ताबा घेताय? चावी हातात घेण्याआधी या चुका टाळा

दसऱ्याला ताबा घ्यायचाच, असं घरात एकदा ठरलं की पुढचं सगळं घाईत होतं. बिल्डरच्या ऑफिसात पेढे, पुठ्ठ्याची भलीमोठी चावी धरून फोटो, आणि त्या गडबडीत पुढे सरकवलेल्या आठ-दहा कागदांवर सह्या. त्यातल्या ताबापत्रात एक ओळ हमखास असते: ‘सदनिकेची पाहणी केली, कोणतीही तक्रार नाही.’ पाहणी झालेली असते ती बाल्कनीतून दिसणाऱ्या टेकडीची! मुहूर्त वास्तुशांतीचा काढा, सहीचा नको. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार, इमारतीत राहायला परवानगी देणारं भोगवटा प्रमाणपत्र (ओसी) मिळाल्यावर ताबा घ्यायला दोन महिने असतात. तेवढ्यात दोन पाहण्या आरामात होतात.

‘फिट-आउटसाठी’ चावी घेणे

ओसी यायची आहे, तोवर फर्निचर सुरू करा, असं गोड बोलून चावी दिली जाते. मग आपण राहायला जातो आणि टँकरचं पाणी, बांधकामाच्या मीटरवरची वीज यांत अडकतो. ओसीची प्रत मागा आणि ती वाचा. ती अंशतः दिलेली असेल, तर आपली विंग आणि आपला मजला त्यात आहे ना, हे बघा.

रिकाम्या हाताने पाहणीला जाणे

दिवसाउजेडी जा. सोबत रुपयाचं नाणं, खडू, बादली, मोजपट्टी आणि मोबाइलचा चार्जर असू द्या.

नाण्याने फरशी वाजवत चला. भरीव फरशी टणक वाजते, खाली माल नसलेली डबडब वाजते. तिच्यावर खडूने फुली मारा. कोपऱ्यात एखादी निघाली तर ठीक, पण ओळीने चार-पाच निघाल्या तर सामान येण्याआधीच बदलून घ्या. नंतर कपाटाखालची फरशी कोण उचलणार?

बाथरूममध्ये दाराशी बादलीभर पाणी ओता आणि पाच मिनिटं थांबा. पाणी नहाणीकडे (निचऱ्याच्या जाळीकडे) न जाता कोपऱ्यात साचलं, तर ढाळ चुकलाय. साइट इंजिनिअर ‘ग्राउट (फरशांच्या फटींत भरायचा माल) भरून देतो’ म्हणेल, पण ग्राउटने ढाळ बदलत नाही. फरशी उचलूनच काम करायला लावा. वॉटरप्रूफिंगची शंका असेल तर नहाणी बोळ्याने बंद करा, चोवीस तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या फ्लॅटचं छत बघा.

सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी बाहेर जायला बारीक भोकं असतात. माझ्याकडे ती सिमेंटने बुजलेली होती. कळलं कधी, तर जूनच्या पहिल्या पावसात, गादी भिजल्यावर. तांब्याभर पाणी ओतलं असतं तर आधीच कळलं असतं.

वीज: प्रत्येक सॉकेटला चार्जर लावून बघा. डीबीतल्या (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीतल्या) आरसीसीबीचं, म्हणजे वीजगळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबा. वीज गेली पाहिजे.

तडा दिसला की घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका. वीटकाम आणि कॉलम जिथे मिळतात तिथली केसासारखी उभी रेघ बहुधा प्लास्टरची असते. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. पुढच्या पाहणीला तो खुणेपलीकडे गेला असेल, किंवा मुळातच बीम-कॉलमवर असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

कार्पेटवरून (फ्लॅटच्या आतल्या वापराच्या क्षेत्रफळावरून) चुकीचं भांडण

खोल्या मोजून बेरीज कमी आली म्हणून लगेच फसवणूक झाली असं नाही. रेराच्या व्याख्येत आतल्या विभाजक भिंतींची जाडी कार्पेटमध्ये धरतात, बाल्कनी धरत नाहीत. तेवढा हिशेब करून मगच भांडा. पार्किंगचा क्रमांक मात्र करारनाम्याशी ताडून घ्याच.

सही करून मोकळे झालात?

तरी वाट बंद होत नाही. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष कळवला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. इंजिनिअरला व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून थांबू नका. कंपनीला ईमेल करा, पत्राची पोच घ्या. आणि हौसेने बाथरूमच्या टाइल्स फोडण्याआधी करारनामा उघडा. बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय बाथरूम किंवा स्वयंपाकघरात फोडाफोडी केली तर ही जबाबदारी संपते, असं कलम अनेक करारनाम्यांत असतं. पुढे गळती झाली की बिल्डर आधी तेच पान काढून दाखवतो.