अमेरिकेचं विमान नेमकं किती तासांचं? हिशोबातल्या या चुका टाळा

आमचे नाना पोराकडे न्यू यॉर्कला निघाले होते. तिकीट बघून म्हणे, "रात्री दीडला निघतं आन सकाळी साडेसातला पोचतं, सहाच तास? येवढा टाइम तर जळगाव-मुंबईला लागतो भो!"

हसू नका, शिकलेले पण फसतात. निघायची वेळ मुंबईच्या घड्याळाची असते आणि पोचायची तिथल्या. उन्हाळ्यात न्यू यॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणजे सहा अधिक साडेनऊ, साडेपंधरा तास झाले. हिवाळ्यात साडेदहा धरा, कारण तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात अन नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे.

पण खरा घोळ तारखेचा. १२ तारखेचं रात्री दीडचं विमान म्हणजे ११ च्या रात्री साडेदहापर्यंत सहारला एअरपोर्टवर हजर, म्हणजे जळगावहून ११ च्या सकाळचीच गाडी, तीही लेट होणार हे धरून. नानांनी रिझर्वेशन काढलं होतं १२ च्या दुपारचं! भाचीने दोन दिवस आधी सहज तिकीट मागितलं म्हणून वाचले, नाहीतर विमान गेल्यावर बारा तासांनी हे मुंबईला जायला निघाले असते.

आता अंतर. मुंबई-न्यू यॉर्क साधारण १२,५०० किलोमीटर. कुठे ७,८०० दिसलं तर ते मैल आहेत, घाबरू नका. लोक या अंतराला ताशी ९०० ने भागतात अन चौदा तास म्हणून मोकळे होतात. पण हे सरळ रेषेतलं अंतर, जळगाव-मुंबईचंच बघा ना, सरळ मोजलं तर साडेतीनशेच्या आसपास अन रेल्वेने ४२०. विमानालाही वळसे पडतात, एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद आहे, त्यात जाताना वारा समोरून. येताना तोच वारा पाठीमागून, म्हणून परतीला तासभर तरी कमी लागतो. अन सपाट नकाशावर पट्टी ठेवून रूट काढू नका, पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, तो चांगला वर उत्तरेकडे सरकतो.

मधे विमान बदलायचं असेल तर थांबायचे तास वेगळे. अमेरिकेतच बदलायचं असेल तर उतरल्यावर पहिल्याच एअरपोर्टवर बॅगा घेऊन परत द्याव्या लागतात, तिथे दीड तासाच्या भरवशावर राहू नका, इमिग्रेशनची लाईन आपल्या हातात नसते.

आणि एक, मोबाईलच्या कॅलेंडरमधे परतीची वेळ इथे बसून टाकली असेल तर तिकडे गेल्यावर ती आपोआप बदलते. नानांचं सकाळी साडेअकराचं विमान तिकडे मोबाईलवर रात्री दोनचं दिसायला लागलं अन ते एक दिवस आधीच बॅग बांधून सोफ्यावर बसले. वेळ कागदावर लिहा, कागद पासपोर्टमधे ठेवा.