बँडचं वाद्य अंगावर घेताना या चुका टाळा

१५ ऑगस्ट जवळ आला की सांगली-मिरजेच्या शाळांच्या मैदानांवर दुपारनंतर बँडचा सराव सुरू होतो. धून कोणती, पोशाख कुणाचा तोकडा होतोय, पुढे दंड घेऊन कोण चालणार, हे सगळं ठरतं. वाद्य मुलाच्या अंगावर कसं बसलंय हे मात्र शेवटपर्यंत कुणी बघत नाही. मग चार दिवसांनी एक मुलगा खांदा चोळत बसतो, दुसऱ्याचा ठेका दहा मिनिटांनंतर मागे पडायला लागतो, आणि आपण सराव कमी पडतोय असं समजून आणखी अर्धा तास वाढवतो. दुखणाऱ्या अंगाला आणखी अर्धा तास! ताल बिघडला की आधी पट्टा तपासा, मग मुलाला बोला, एवढंच माझं सांगणं आहे. खाली ज्या चुका सांगतोय त्या बहुतेक सगळ्या शंभर-दोनशे रुपयांत किंवा फुकटात सुधारता येतात.

जो उरला त्याला बास ड्रम

वाद्यं वाटताना ट्रम्पेट आणि साइड ड्रमवर (दोन काठ्यांनी वाजवायच्या छोट्या ड्रमवर) उड्या पडतात, आणि मोठा ड्रम जो गप्प उभा असतो त्याच्या गळ्यात जातो. तो मुलगा बहुधा लहान चणीचा असतो. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार शाळेचं दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं, म्हणजे ४० किलोच्या मुलाला ४ किलो. बास ड्रम हार्नेससकट, म्हणजे तो अंगावर अडकवायच्या पट्ट्यांसकट, ८ किलोंच्या पुढे सहज जातो. शिवाय दप्तर पाठीला चिकटून असतं, ड्रम पोटाच्या पुढे लोंबतो. त्याला तोलायला मूल नकळत मागे झुकतं आणि कंबर भरून येते.

मुलाला ड्रमसह उभं करून बाजूने बघा. कान, खांदा आणि कंबरेचं हाड साधारण एका उभ्या रेषेत असेल तर ठीक. खांदे मागे गेलेले आणि पोट पुढे आलेलं दिसलं तर ड्रम मोठा आहे, नाहीतर फार खाली लटकलाय. दुसरी खूण: ड्रमच्या वरच्या कडेवरून त्याला समोरच्या रांगेतल्या मुलाचे पाय दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर तो आंधळेपणाने चालतोय, आणि सांगलीच्या रस्त्यांवर पावसाळ्यात असं चालणं धोक्याचंच. शक्य असेल तर २४ इंचीऐवजी २० इंची ड्रम घ्या. आवाज थोडा कमी भरेल, पण शेवटच्या सलामीपर्यंत ठोका जागेवर पडेल. मिरवणूक लांबची असेल तर एका ड्रमला दोन मुलं तयार करा आणि बदलायची जागा आधीच ठरवून ठेवा. विश्रामबागेतून निघालात तर राम मंदिर चौकात अदलाबदल, असं स्पष्ट सांगून. 'दमलास की सांग' म्हटलं तर मुलं सांगत नाहीत.

सगळं ओझं एका खांद्यावर

सर्वांत जास्त त्रास इथून होतो, म्हणून जरा सविस्तर.

आपल्याकडचे बरेच साइड ड्रम अजून एका पट्ट्यावर चालतात. पट्टा उजव्या खांद्यावरून, ड्रम डाव्या मांडीशी, थोडा कललेला. डाव्या हाताने काठी तळहात वर करून धरण्याची जी जुनी पद्धत आहे, ती या कललेल्या ड्रममुळेच आली. पद्धत वाईट नाही, पण चालता चालता अरुंद पट्टा घसरून मानेच्या बुडाशी जातो. हाताकडे जाणाऱ्या नसा मानेतून निघून गळपट्टीच्या हाडामागून खाली जातात. तिथे तासभर दाब राहिला की बोटांना मुंग्या येतात, काठीची पकड सैल होते आणि सलग वाजवायचा रोल तुटक ऐकू येऊ लागतो. शिक्षकाला तो आळस वाटतो.

उपाय सोपा. दोन्ही खांद्यांवर बसणारं हार्नेस घेता आलं तर उत्तम. नसेल तर रिक्षाची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडे जा, रेक्झीन आणि फोमची चार बोटं रुंद गादी पट्ट्यावर शिवून मागा. पट्टा मानेपासून दूर, खांद्याच्या मध्यावर राहील अशी ती बसवायची. कमरेला एक जादा पट्टा देऊन ड्रम अंगाशी धरून ठेवला तर हेलकावे थांबतात. उडणारा ड्रम हा स्थिर ड्रमपेक्षा कितीतरी जड लागतो.

उंची ठरवताना मुलाला हात मोकळे सोडून कोपरं वाकवायला सांगा. काठ्यांची टोकं पानाच्या, म्हणजे ड्रमच्या वरच्या ताणलेल्या पडद्याच्या, मध्यावर आपोआप पडली पाहिजेत. खांदे उचलावे लागत असतील तर ड्रम वर आहे. वाकावं लागत असेल किंवा डावा गुडघा ड्रमवर आपटत असेल तर पट्टा एक-दोन भोकं आवळा.

आणि ही सगळी मापं पूर्ण पोशाखात, बूट घालून घ्या. सरावाला टी-शर्ट असतो, कार्यक्रमाला खांद्यावर पट्टी, तिचं पितळी बटण, वर दोरी. ते बटण नेमकं पट्ट्याखाली आलं की दहा मिनिटांत हाडाला रुततं. सरावात कधी न रडलेला मुलगा ऐन परेडला तोंड वेडंवाकडं करतो, त्याचं कारण अनेकदा एवढंच असतं. बटण बोटभर सरकवून शिवा.

फुंकायच्या वाद्यांचं ओझं कमी समजणं

ट्रम्पेट जेमतेम एक-सव्वा किलोचा. पण ते वजन उचललेल्या हातांवर अधांतरी असतं. हात भरून आले की ट्रम्पेटचं तोंड जमिनीकडे झुकतं, मूल मान वाकवतं, ओठ मुखनळीवर दाबतं, आणि वरचे सूर फाटतात. अशा वेळी 'जोरात फुंक' म्हणू नका, हात खाली घ्यायला सांगा. दोन धुनांच्या मध्ये सगळ्यांनी एकदम वाद्य खाली घ्यायचं, ही शिस्त बसवली की रांगही देखणी दिसते. सरावाच्या सुरुवातीला पाच मिनिटं वाद्य वर धरणं, मग सात, मग दहा, असं वाढवत जा.

सुझाफोन, म्हणजे अंगाभोवती वेढा घालून बसणारा मोठ्या कर्ण्याचा बाजा, मोठ्या बँडांत दिसतो. पितळी असेल तर वजन १० किलोंच्या वर जातं आणि ते जवळपास सगळं डाव्या खांद्यावर पडतं. हे वाद्य खाली वाकून कंबर पिळत एकट्याने उचलू नये. दोघांनी उचलावं, एकाने आत शिरावं, आणि मुखनळी तोंडाकडे वळवून घ्यावी. मुखनळीकडे मान वळवली की मान आखडणारच. सांगलीच्या आयर्विन पुलासारख्या मोकळ्या जागी वारा त्या मोठ्या कर्ण्यात भरतो आणि वाजवणाऱ्याला बाजूला ढकलतो. तिथे त्याला रांगेच्या आतल्या बाजूला ठेवा.

झांजांबद्दल एकच: दोन्ही थाळ्या अगदी समोरासमोर आपटल्या तर मध्ये हवा कोंडते, आवाज बसतो, आणि मूल आणखी जोर लावून मनगट दुखवून घेतं. एक थाळी किंचित तिरकी ठेवून घासत भेटवायला शिकवा.

टाच आपटत वाजवणं

संचलनाचं तेज चल म्हणजे मिनिटाला साधारण १२० पावलं, पाऊल ३० इंचांचं. सहावी-सातवीच्या मुलांना एवढं पाऊल टाकायला लावलं की ती ढांगा टाकतात आणि प्रत्येक ढांगेला वाद्य उसळतं. लय तीच ठेवा, पाऊल आखूड करा. बँडच्या मुलांनी टाच आपटायचीही गरज नाही. टाच हलकेच टेकवून तळवा चवड्यापर्यंत गुंडाळत न्यायचा. त्याने फुंकणाऱ्याचे दात मुखनळीवर आपटत नाहीत आणि ड्रमवाल्याच्या कमरेला हिसके बसत नाहीत. साताऱ्यात तर अजिंक्यताऱ्याच्या कुशीतले रस्ते चढ-उताराचे. उतारावर पुढचं ओझं मुलाला खाली खेचतं, तेव्हा पावलं आणखी लहान.

बूट नवे असतील तर आठवडाभर आधी शाळेत घालून रुळू द्या.

ढोल कमरेला बांधताना

सांगली संस्थानच्या गणपतीचं विसर्जन पाचव्या दिवशी होतं, म्हणजे पथकांची गडबड इथे लवकर सुरू होते. ढोलाची गाठ पाठीच्या मणक्यावर येऊ देऊ नका, बगलेकडे घ्या. नुसत्या दोरीऐवजी आत रुंद सुती पट्टा गुंडाळा. आणि कानात फोमचे बोळे घाला. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज तासन् तास ऐकला तर कान कायमचे अधू होतात, आणि ढोल-ताशांच्या मधोमध आवाज त्याहून खूप वर असतो. रात्री घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर ते दमणं नाही, इजा आहे.

उपाशीपोटी सावधान

परेडला मुलं खाली कोसळतात ती बहुधा चालताना नव्हे, उभी असताना. गुडघे ताठ कुलूपबंद, भाषण लांबलेलं, सकाळपासून पोटात काही नाही. पायांकडे उतरलेलं रक्त वर चढत नाही आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. घरून पोहे-उपमा खाऊन यायचं, हे पालकांना चिठ्ठीने कळवा. उभं असताना गुडघे किंचित सैल ठेवायचे आणि बुटातल्या बुटात बोटं हलवत पोटऱ्या आवळायच्या. बाहेरून ते कुणालाही दिसत नाही.

मूल डगमगलं तर उभं धरून ठेवू नका. आधी वाद्याचा हूक सोडा, मग आडवं निजवून पाय उंच करा. वाद्यासकट पडलेल्या मुलाला ड्रमची कड लागते ती वेगळी. पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय पाणी पाजायचं नाही. उष्णतेने अंग तापलं असेल, मूल बरळत असेल तर सावलीत नेऊन अंगावर पाणी मारा आणि गाडी काढा.

खांदा-कंबर दुखणं रात्रीच्या झोपेने गेलं तर काळजी नाही. दुसऱ्या दिवशीही बोटं बधिर असतील, हातातून वस्तू निसटत असेल, दुखणं पायात उतरत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर त्या मुलाला वाद्याशिवाय रांगेत चालू द्या. कदमतालाचा सराव त्याला तेवढाच होतो.