सॉफ्टवेअर सोपं करायला पैसे द्या, हे मालकाला हिशोबानं कसं पटवायचं

जळगाव, धुळे, नंदुरबारकडं सॉफ्टवेअरची कामं करणारी पोरं आता बरीच झालीत. जिनिंगचं, केळीच्या व्यापाराचं, दालमिलचं, पतसंस्थेचं, सराफाचं सॉफ्टवेअर इथंच बनतं आणि इथंच चालतं. आणि अडचण सगळ्यांची एकच, की स्क्रीन वापरायला अवघड आहे हे आपल्याला दिसत असतं, ऑपरेटर तर रोज भोगत असतो, पण ती नीट करायला महिना-दोन महिने आणि लाख-सव्वा लाख मागितले की मालक म्हणतो, "चालू तर आहे ना?" त्याचा प्रश्न त्याच्या जागी बरोबर आहे. कारण त्याच्या वहीत या त्रासाचा खर्च कुठंच वेगळा लिहिलेला नसतो, तो पगारात, फोनमध्ये, दुरुस्तीच्या एंट्र्यांमध्ये मुरलेला असतो. आपलं काम म्हणजे तो तिथून काढून त्याच्यासमोर ठेवणं.

सगळ्यात आधी हे ठरवा की नुकसान कोणाच्या खिशातून जातंय. तुम्ही मिलच्या आयटीत असाल तर चुका आणि खोळंबा मिलचा, म्हणजे मिल मालकालाच दाखवायचं. पण तुम्ही सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत असाल तर गिऱ्हाइकाच्या वजनकाट्यावर गाडी दहा मिनिटं उभी राहिली याचं तुमच्या मालकाला डायरेक्ट काही जात नाही, त्याचं जातं ते सपोर्टमध्ये, साइट व्हिजिटमध्ये आणि एएमसी, म्हणजे वर्षाचा देखभालीचा करार, रिन्यू झाली नाही तर. खूप जण हे दोन्ही हिशोब एकत्र करतात आणि मग समोरचा म्हणतो ते माझं नाहीच, आणि तिथंच विषय संपतो.

दुसरं म्हणजे अख्ख्या सॉफ्टवेअरबद्दल बोलू नका. एकच काम धरा, जे दिवसात शंभर-दीडशे वेळा होतं आणि ज्याच्यात पैसे आहेत. जिनिंगमध्ये ते म्हणजे काटा पावती.

सीझनमध्ये कधी काट्याच्या केबिनमध्ये जाऊन बसा, ऑफिसात एसीत बसून डेमो बघून हे कळत नाही. भरलेली गाडी काट्यावर येते, वजन होतं, गाडी आत खाली व्हायला जाते, मग खाली गाडी परत काट्यावर येते आणि दोन्ही वजनांचा फरक म्हणजे माल. आता खाली गाडी आली की ऑपरेटरला तिची आधीची पावती शोधायची असते, आणि यादी लागलेली असते पावती नंबरनं. खिडकीत उभा ड्रायव्हर सांगतो गाडी नंबर! मग तो एकेक ओळ बघत खाली जातो, तोपर्यंत मागची ट्रॅक्टरवाली मंडळी हॉर्न वाजवत राहतात. त्यानंतर पार्टी निवडायची, तिथं नुसतं नाव आणि आडनाव, आणि आपल्याकडं एका गावात एकाच नावाचे चार पाटील असतात, वडिलांचं नाव नाही, गावही नाही. म्हणून मॉनिटरच्या बाजूला सुतळीनं वही टांगलेली असते, त्यात पार्टीचे कोड हातानं लिहिलेले. एक ऑपरेटर मला म्हणाला, "भाऊ, इतला कोड ध्यानमा ऱ्हातस का?" तुम्हाला जिथं अशी वही, चिकटवलेली चिठ्ठी किंवा कीबोर्डवर मार्करनं केलेली खूण दिसली तिथं फोटो काढून ठेवा, मालकासमोर दहा स्लाइडपेक्षा तो एक फोटो जास्त काम करतो.

आता मोजायचं. मोबाइलचं स्टॉपवॉच लावा, लागोपाठ 20-25 पावत्यांचा वेळ लिहा, सकाळच्या आणि संध्याकाळच्या गर्दीच्या वेगळ्या. त्यातला शोधाशोधीचा वेळ वेगळा काढा. चुकांसाठी अकाउंटंटकडं जा, पावती रद्द केल्याच्या, पार्टी बदलल्याच्या एंट्र्या सिस्टिममध्ये असतातच, मागच्या सीझनच्या मोजून घ्या. वस्तू वापरायला किती सोपी हे कशावरून ठरवायचं याचं आयएसओ 9241-11 नावाचं स्टँडर्ड आहे, 1998 चं, 2018 मध्ये सुधारलेलं, त्यातही असेच तीन मुद्दे आहेत, काम बरोबर पूर्ण झालं का, किती वेळ-मेहनत लागली, आणि वापरणारा समाधानी आहे का.

इथं एक गोष्ट मनापासून सांगतो कारण इंटरनेटवरचे बहुतेक लेख इथंच आपली दिशाभूल करतात. ते सगळे वेळेचे पैसे करतात. अमेरिकेत माणसाचा तास महाग, तिथं ते जमतं. आपल्याकडं करून बघा. समजा रोज 150 गाड्या, प्रत्येकीमागं दीड मिनिट वाया, म्हणजे रोज पावणेचार तास. ऑपरेटरचा पगार 15,000 धरला, 26 दिवस, 8 तास, तर तासाला 72 रुपये पडतात. दिवसाचे 270, आणि 120 दिवसांच्या सीझनचे 32,400. आणि हे सुद्धा खरे वाचत नाहीत, कारण वेळ वाचला म्हणून त्याचा पगार कमी होणार नाही. सीझनपुरता दुसरा ऑपरेटर ठेवला असेल आणि तो लागणारच नसेल तरच ते रोख पैसे. त्यामुळं वेळेचा आकडा कागदावर दाखवा पण बेरजेत धरू नका. मालक माणूस हे लगेच पकडतो, आणि एक आकडा फुगवलेला निघाला की बाकीच्यांवरही त्याचा विश्वास राहत नाही.

खरा पैसा चुकांमध्ये आणि खोळंब्यात आहे. समजा आठवड्याला 3 पावत्या चुकीच्या पाटलाच्या नावावर पडतात, सीझनच्या 17 आठवड्यांत 51. प्रत्येकीमागं अकाउंटंटचे दोन-तीन तास, फोनाफोनी, शेतकऱ्याची एक चक्कर, चुकीच्या खात्यात आरटीजीएस गेलं असेल तर ते परत आणायची कटकट, सगळं मिळून 1,500 रुपये धरा. झाले 76,500. मग खोळंबा, ऐन गर्दीच्या 40 दिवसांत रोज एकच गाडी रांग बघून शेजारच्या जिनिंगला वळली, 20 क्विंटलची, आणि क्विंटलमागं 100 रुपये सुटतात असं धरलं तर 80,000. हे 1,500 आणि 100 तुम्ही ठरवायचे नाहीत. मालकाला विचारायचं, "शेठ, एक पावती चुकली तर किती भुर्दंड बसतो? क्विंटलमागं काय सुटतं?" आणि तो सांगेल तेच लिहायचं, कारण स्वतःच्या तोंडचा आकडा माणूस नंतर नाकारत नाही. दोन्हीची बेरीज 1,56,500. आता ती अर्धी करा. खरंच अर्धी करा, कारण सगळ्या चुका जाणार नाहीत आणि रांग काही फक्त सॉफ्टवेअरमुळं लागत नाही. राहिले 78,250. खर्च 1,20,000 असेल तर साधारण दीड सीझनमध्ये वसूल. एका रुपयाचे शंभर होतात असले आकडे फिरत असतात ते घेऊन जाऊ नका, दीड सीझन हे खरं वाटतं कारण ते त्याच्याच वहीतून आलंय.

सॉफ्टवेअर कंपनीत असाल तर हिशोब कॉल रजिस्टरवरून होतो. एक महिना प्रत्येक कॉलपुढं एकच खूण करा, खरंच काही बिघडलं होतं, की सगळं चालू असून माणसाला सापडलं नाही. दुसऱ्या प्रकारचे सगळे कॉल म्हणजे स्क्रीनचा खर्च. त्यात जळगावहून शहाद्याला किंवा शिरपूरला माणूस पाठवला असेल, आणि तिथं जाऊन त्यानं फक्त बटन कुठंय ते दाखवलं असेल, तर त्याचा अख्खा दिवस, भाडं आणि राहिलेलं काम त्याच खात्यात टाका. नवीन ऑपरेटर आला की पुन्हा ट्रेनिंग द्यावं लागतं तेही टाका, दर सीझनला माणसं बदलतात.

"चूक ऑपरेटरची आहे, त्यानं नीट बघायला पाहिजे" हे वाक्य हमखास येणार. तेव्हा सिटी बँकेचा किस्सा सांगा, तो खरा आहे आणि कोर्टात गाजलेला आहे. ऑगस्ट 2020 मध्ये बँकेला रेव्हलॉन कंपनीच्या कर्जाचं साधारण 78 लाख डॉलर व्याज सावकारांना पाठवायचं होतं, गेले जवळपास 90 कोटी डॉलर. मुद्दल बाहेर जाऊ नये म्हणून स्क्रीनवर तीन ठिकाणी टिक करावी लागत होती, त्यांनी एकाच ठिकाणी केली, आणि तीन जणांनी बघून ओके दिलं होतं! साधारण 50 कोटी डॉलर सावकारांनी परत दिले नाहीत, फेब्रुवारी 2021 मध्ये कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, तो अपिलात सप्टेंबर 2022 मध्ये फिरला. पतसंस्थेच्या मॅनेजरला हे लगेच कळतं, कारण त्याच्याकडंही एक एंट्री करतो, दुसरा पास करतो, आणि त्याला वाटत असतं की दोन जणांनी बघितलं म्हणजे झालं.

एकदम सगळे पैसे मागू नका. आधी फक्त तपासणीचे मागा, दोन-चार दिवसांचं काम. सॉफ्टवेअर वापरायला सोपं कसं करायचं याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन आणि टॉम लँडॉवर यांनी 1993 मध्ये दाखवलं होतं की पाच जणांना वापरायला लावून बघितलं तर साधारण 85 टक्के अडचणी समोर येतात. पण ते एकाच प्रकारच्या पाच माणसांचं आहे, दोन ऑपरेटर, दोन अकाउंटंट आणि एक शेठ असे पाच नकोत. काट्यावरचेच पाच घ्या, वेगवेगळ्या मिलमधले चालतील. काम सांगा आणि गप्प बसा, "वरच्या कोपऱ्यात बघा" असं तोंडातून निघालं की ती टेस्ट गेली. रुईच्या फुफाट्यात माऊस नीट चालत नाही म्हणून बरेच जण सगळं कीबोर्डवरच करतात, असल्या गोष्टी तिथंच कळतात. मालकाची परवानगी असेल तर व्हिडिओ घ्या आणि त्याला त्यातली दोनच मिनिटं दाखवा, ड्रायव्हर खिडकीत उभा आणि ऑपरेटर यादीत शोधतोय ती.

शेवटी मालकाला पाच मिनिटांत वाचता येईल असं एक पान लिहा. साधारण असं: "काम, खाली गाडीची पावती. आज सरासरी इतके सेकंद, सीझनला इतक्या दुरुस्त्या. बदल तीन, यादी गाडी नंबरनं, पार्टीपुढं वडिलांचं नाव आणि गाव, सेव्ह करण्याआधी नाव-गाव-वजन मोठ्या अक्षरात. खर्च इतका, वसुली दीड सीझन. न जमल्यास जुनी स्क्रीन तशीच राहील." ते शेवटचं वाक्य विसरू नका, मालकाची खरी भीती पैशापेक्षा ऐन सीझनमध्ये काटा बंद पडण्याची असते.

आणि वेळ बघून जा. दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागलेली असताना कोणी ऐकत नाही, तेव्हा फक्त मोजून घ्यायचं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास जिनिंग थंड पडलेल्या असतात, मागच्या सीझनचा हिशोब मिटलेला असतो, पुढच्या वर्षाचे सालदार-माणसं ठरत असतात, तेव्हा ते पान पुढं करा. पोळ्यापर्यंत स्क्रीन तयार पाहिजे, म्हणजे दसऱ्याच्या आधी ऑपरेटरचा हात बसतो. काम मंजूर झालं की मोजणी परत करायची हे त्याच दिवशी ठरवून टाका, तीच माणसं, तीच गर्दीची वेळ, तेवढ्याच पावत्या, आणि तो कागद मालकाकडं तुम्ही स्वतः घेऊन जायचा, आकडा कमी आला तरी.